लाईन मोकळी आहे

१६ जानेवारी १९७४, सातारा

आज ठरवलं. पळून जायचं.

लिहिल्यावर शब्द काही फार मोठा दिसत नाही. मघाशी मावशीच्या आरशासमोर म्हणून पाहिला तर मलाच हसू आलं. पण ठरलं म्हणजे ठरलं.

काल संक्रांतीच्या करीला गावाकडे होते, कऱ्हाडच्या अलीकडे, कृष्णाकाठी. आई गेल्यापासून आमच्या घरात मटण आबांच्याच हातचं. पलटणीत शिकलेलं, तिखटजाळ, आणि पळी भांड्यावर आपटून वाढायचं. आबा खुशीत दिसले म्हणून मी रस्सा वाढून घेता घेता विषय काढला.

"आबा, एक मुलगा हाय. सांगलीचा. माझ्यासारखाच टेलिफोनवर ऑपरेटर. भूपाल मगदूम."

"मगदूम? म्हंजे जैन?"

"व्हय."

"आन् करीला काय खातो त्यो?"

"वांगं."

आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मला वाटलं, जमलं. पाणी पिऊन झाल्यावर मात्र ते शांतपणे म्हणाले, "शालन, नाथाजीला शब्द दिलाय म्या."

नाथाजीकाका वडूजचे. आबा पलटणीत तारा टाकण्याच्या कामावर होते, तिथले हे दोस्त. लढाईत आबांच्या मांडीत गोळी शिरली तेव्हा काकांनीच त्यांना पाठीवर घालून मागे आणलं. त्यांचा पुतण्या जालिंदर फौजेत नाईक आहे, त्याला मी द्यायची असा तो शब्द. जालिंदर माणूस वाईट नाही. मिशीही चांगली आहे. पण मिशीशी लग्न करून काय करायचं?

भीती मला वेगळीच आहे. आबा मारत नाहीत, ओरडत नाहीत. ते बोलणं बंद करतात. आकारामकाका त्यांचे सख्खे भाऊ, दोघांचा बांध एक, विहीर एक. पाण्याच्या पाळीवरून एकदा वाजलं, तेव्हा मी फ्रॉक घालत होते. तेव्हापासून आबा काकांशी बोललेले नाहीत. काही सांगायचंच असलं तर काका पलीकडे उभे असताना बैलाला सांगतात. "सर्जा, उद्या मोटार आपल्याकडं हाय बरं का." काका ऐकतात आणि निघून जातात.

मला बैलामार्फत निरोप नको आहेत. एवढं एकच सोडलं तर माझी कशालाच हरकत नाही.

२२ जानेवारी

योजना समितीची आज पहिली बैठक झाली. सभासद दोन. मी साताऱ्याच्या बोर्डावर, भूपाल सांगलीच्या.

आम्हा ऑपरेटर लोकांना एकमेकांची नावं लागत नाहीत. मी 'सातारा', तो 'सांगली'. दोन वर्षं "हॅलो सांगली, कॉल घ्या" म्हणता म्हणता कधी काय झालं ते कळलं नाही. गेल्या दिवाळीत तो पहिल्यांदा आवाजाचा चेहरा बघायला आला. चार भिंतीच्या टेकडीवर भेटलो. आवाजावरून मला वाटलं होतं चांगला उंच असेल, निघाला माझ्याएवढा. त्यालाही काहीतरी वाटलं असणार, पण तो चांगला आहे, बोलला नाही.

आमच्या दोघांच्या मध्ये कऱ्हाडचा बोर्ड लागतो. 'कऱ्हाड' म्हणजे एक वयस्कर बाई, पाहिलेली कधीच नाही. खोकते आणि खडीसाखर चघळत बोलते. पण मनाची मोठी. दुपारी व्यापारी जेवून लवंडले की आपण होऊन सांगते, "सातारा, लाईन मोकळी हाय गं. बोला तुमी. मी जरा च्या पिऊन येते." बाई चहा फार पिते. आमचं बोलणं संपेपर्यंत तिचा चहा संपत नाही.

भूपालचं म्हणणं, पाचगणीला जाऊ. मी म्हटलं, तिथे कोण लग्न लावणार, शाळेची बँडपार्टी? मग तो म्हणाला पुणे. पण सातारचा प्रत्येक पळणारा पुण्यालाच पळतो आणि स्वारगेटवर त्याचा कुणीतरी मामा उभा असतो. म्हणून मी माझी योजना मांडली. आपण पळायचंच नाही. साताऱ्यातच लग्न करायचं, माहुलीच्या घाटावर, दिवसाढवळ्या. आपल्याच गावात कोण आपल्याला शोधायला येणार?

"आणि मग?"

"मग एसटीत बसून सांगलीला."

"भ्या वाटतंय की गं."

"मलाही वाटतंय. म्हणून तर योजना करायची."

तो गप्प झाला. हा माणूस गप्प असतानाही लाईनवर आहे हे कळतं, तेच मला आवडतं.

२७ जानेवारी

आजचा मासला. हळदीच्या एका व्यापाऱ्याने सांगलीच्या मेहुण्याला सांगितलं, "डॉक्टरनं साखर सांगितलीय, तुझ्या बहिणीला बोलू नको." आणि पुढच्याच वाक्याला, रोज मोती चौकात जाऊन पाव किलो कंदी पेढे खातो हेही सांगून टाकलं! वर म्हणतो, "ही गोष्ट आपल्या दोघांतच."

लोकांना अक्कल कशी नाही म्हणते मी. मी काही मुद्दाम ऐकत नाही. बोलणं नीट सुरू झालं का एवढं तपासावं लागतं, तेवढ्यात कानावर पडतं. कधी कधी तपासायला जरा वेळ लागतो.

आबांचं एक बरं आहे. एवढी वर्षं तारा टाकल्या, पण फोनवर एक शब्द बोलत नाहीत. गावच्या पोस्टात फोन आला तेव्हा सगळं गाव बघायला गेलं, आबा गेले नाहीत. "तारेला कान असत्यात," म्हणाले, "आन् एक न्हाई, दहा." मी नोकरीला लागले तेव्हा हाच उपदेश केला. मी म्हटलं, आबा, ती लढाई होती, इथे हळदीचे भाव असतात.

आणि आमची गोष्ट तर वेगळीच. मी आणि भूपाल म्हणजे ऑपरेटर. आम्हाला काय ते कळतं.

३ फेब्रुवारी

रविवार. मावशीने कुरड्यांचा चीक केला. दोन वाट्या खाल्ल्या. पळून जाणाऱ्या मुलीला भूक लागत नाही म्हणतात, त्यात तथ्य नाही.

८ फेब्रुवारी

तारीख ठरली. अठ्ठावीस, गुरुवार. त्या सुमाराला आमचा ऊस तोडीला येतो. टोळी उतरली की आबा शेतातून हलत नाहीत.

लाईनमध्ये मात्र बिघाड आहे. मी आणि भूपाल बोलत असलो की मधूनच 'कट्' असा बारीक आवाज येतो. मेकॅनिकला सांगितलं. तो तारा हलवून आला आणि म्हणाला, "लाईन ठणठणीत हाय, ताई." म्हणताना हसला का ते कळलं नाही. कामाची गोडी नाही, दुसरं काय!

आमच्या सुपरवायझर म्हणजे मोठ्या बाई. त्यांना विचारावं म्हणून गेले. त्या कोपऱ्यातल्या त्यांच्या टेबलाशी कानाला हेडफोन लावून अडकित्त्याने सुपारी कातरत बसल्या होत्या. दिवसभर त्यांचं तेच चालतं. मला म्हणाल्या, "बिघाड आपोआप जाईल. अठ्ठावीसनंतर." तारखेचं वाक्य काही कळलं नाही. मेकॅनिकची पाळी असेल त्या दिवशी.

१२ फेब्रुवारी

नशीब कसं साथ देतंय बघा! काल मी भूपालला म्हटलं, लग्नाला नेसायला धड लुगडं नाही, नवं घेतलं तर मावशीला संशय येईल. आज मोठ्या बाईंनी सहज विचारलं, "शालन, तुला हिरवा बरा दिसतो की डाळिंबी?" त्यांच्या भाचीसाठी घ्यायचं आहे, ती माझ्याच अंगाची आहे म्हणे. मी डाळिंबी सांगितला. भाची नशीबवान.

परवा मी म्हटलं होतं, अठ्ठावीसला रजा कशी मागू. आज तक्त्यात बघते तर त्या दिवशी माझ्या नावापुढे सुट्टीच. आणि मावशीचं काय करायचं हा मोठा घोर होता, तर मोठ्या बाईंच्या जावेने मावशीला त्याच दिवशी सत्यनारायणाला बोलावलं. मावशी त्या जावेला ओळखतसुद्धा नाही. पण "बोलावलंय तर जायलाच पाहिजे," म्हणाली, आणि माझ्याकडे बघून फार वेळ पदर नीट करत बसली.

भूपाल म्हणाला, "इतकं सुरळीत कसं काय चाललंय?"

"योजना चांगली असली की चालतं," मी म्हटलं.

१७ फेब्रुवारी

आज हसायचा दिवस नव्हता.

आबा आले होते. न कळवता, डोक्यावर फेटा, हातात नव्या गुळाची ढेप. मावशीकडे ढेप टाकली आणि मला म्हणाले, "चल, राजवाड्याकडं जाऊन येऊ." लहानपणी मला साताऱ्याला आणायचे तेव्हा हेच करायचे. राजवाड्यासमोर उभं राहून सगळं सांगायचे, जणू छत्रपतींनी यांना विचारूनच बांधला. आज काही सांगितलं नाही. मोती चौकात पेढे घेतले, त्यातला एक मला दिला आणि पुडी बांधून खिशात ठेवली.

"नाथाजी म्हणतोय पाडव्यानंतर उरकू."

मी पेढा खात राहिले.

"बोलत न्हाईस?"

"काय बोलू आबा?"

"आसं हाय पोरी, शब्द म्हंजे खांद्यावरलं वझं. उतरवून ठेवता येत न्हाई मधीच."  स्टँडवर गाडी लागल्यावर पाय दुखतो म्हणून माझ्या खांद्याला धरून चढले. खिडकीतून म्हणाले, "ड्यूटी नीट कर. तारेवर जपून बोलत जा."

गाडी गेली. मी तिथे उभी राहून रडले. उसाच्या रसवाल्याने विचारलं, "कोण गेलं का ताई?" मी म्हटलं, "नाही, अजून नाही."

सगळं सांगून टाकावं असं दहादा ओठांवर आलं. पण सांगितलं असतं तर आबांना शब्द तरी मोडावा लागला असता, नाहीतर मी तरी. त्यापेक्षा मी पळाले तर दोष माझा एकटीचा. आबा गावात मान वर करून म्हणतील, "म्या शब्द पाळला हुता, पोरगीच ग्येली." मग ते माझ्याशी बोलणार नाहीत. हे मला कळतंय. कळूनही मी जाणार आहे.

२४ फेब्रुवारी

भूपालने त्याच्या आईला सांगितलं! विचारलं नव्हतं त्याला कुणी. पण म्हणाला, "आईला चोरून मला घास उतरंना." त्याच्या आईने दिवसभर त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही आणि दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, कांदा-बटाटा घरात आणायचा नाही, बाकी मुलगी नांदणारी असली की झालं.

मी कांद्याशिवाय एक दिवस काढून पाहिला. संध्याकाळी मावशीच्या भाकरीजवळचा कांदा चोरून खाल्ला. सवय होईल.

आज लाईनवर मीच म्हटलं, "भूपाल, आबा बोलले नाहीत तर?"

"बोलतील की."

"तू आकारामकाकांना बघितलं नाहीस."

  तेवढ्यात कुणीतरी नाक ओढल्यासारखा आवाज आला. लाईन फारच खराब झाली आहे.

कऱ्हाडने नंतर कॉल देताना उगाच सांगितलं, "सातारा, वडूज-कोरेगावच्या बाजूनं येणाऱ्या एसट्या सध्या लय उशिरा येत्यात गं. कुणाला यायचं असंल तर पुन्याच्या गाडीनं यावं." मी भूपालला कळवलं. तो कोरेगावच्याच गाडीने येणार होता. योगायोगच म्हणायचा.

१ मार्च, सांगली

झालं लग्न. काल घडलं ते आज लिहिते, कारण काल माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मावशी सकाळीच सत्यनारायणाला गेली. जाताना मला जवळ घेतलं आणि "घर नीट लाव" म्हणाली. मी पिशवी घेऊन टांग्याने माहुलीला गेले. घाटाच्या पायऱ्यांवर बरीच बाया-माणसं बसलेली. मी म्हटलं, आली का पंचाईत! कुणाचं श्राद्धबिद्ध असेल. पदर डोक्यावर ओढून कडेकडेने देवळाकडे निघाले. भूपाल दाराशी उभा होता, नवा सदरा, तोंड पांढरं पडलेलं, आणि तो माझ्याकडे न बघता त्या लोकांकडेच बघत होता.

तेवढ्यात माझ्या मागे आवाज झाला. कट्.

वळून बघते तर मोठ्या बाई. सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या, हातात अडकित्ता.

मग कुणीतरी खोकलं. "सातारा, उशीर केलास गं."

समोर एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई, गालात खडीसाखर. चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता. आवाज मात्र माझ्या घरचा.

"कऱ्हाड?"

"आज राहीबाई म्हण. आज ड्यूटी न्हाई."

मग एकेक जण उठून ओळख सांगायला लागलं. "मी कोरेगाव." "मी इस्लामपूर, तुमच्या त्या चार भिंतीच्या भेटीपासून ऐकतेय." "वडूजला ड्यूटी हाय म्हणून यायला जमलं न्हाई, त्यांनी अक्षता दिल्यात." खरोखरच कागदाच्या पुड्या होत्या, प्रत्येक बोर्डाची एक. लाईन ठणठणीत आहे म्हणणारा मेकॅनिक आंतरपाट धरायला पुढे. आणि भाचीचं डाळिंबी लुगडं मोठ्या बाईंनी माझ्या हातात ठेवलं.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भांग कुठून पाडू इथपासून आबांच्या बैलापर्यंत सगळं मी त्या लाईनवर बोलले होते!

"म्हणजे तुम्ही सगळे..."

"आमी काय मुद्दाम ऐकत न्हाई बाई," राहीबाई म्हणाली. "बोलणं नीट चाललंय का एवढं तपासतो. कवा कवा वेळ लागतो."

मोठ्या बाई म्हणाल्या, "हळदवाल्याचे पेढे तू सगळ्या बोर्डाला सांगितलेस तेव्हा तुला काय वाटलं, कान तुला एकटीलाच आहेत?"

भूपाल मोठ्याने हसला. मग मीही. भटजी मुहूर्त टळेल म्हणून ओरडायला लागले तेव्हा आम्ही उभे राहिलो. मंगलाष्टकं म्हणायला एवढे आवाज मिळालेलं लग्न सबंध साताऱ्यात झालं नसेल. प्रत्येक आवाज माझ्या ओळखीचा आणि प्रत्येक चेहरा नवा.

एकच गोष्ट लागत नाही. सांगलीला येऊन पिशवी उघडली तर तळाशी फडक्यात बांधलेली आईची जोडवी. ती मावशीच्या ट्रंकेत कुलपात असतात. घाईत मीच घेतली असणार.

६ मार्च

मावशी गावी जाऊन आबांना सांगून आली. भूपालच्या एक्स्चेंजवर मोठ्या बाईंनी निरोप दिला. आबा ओरडले नाहीत. ऐकून घेतलं, उठून गोठ्यात गेले आणि सर्जाला वैरण टाकताना म्हणाले, "खा बाबा. आता घरात तू आन् मीच."

म्हणजे मी बैलाच्या पलीकडे गेले.

आम्ही गणपतीच्या देवळामागे एक खोली घेतली आहे. सासूबाई रोज येऊन माझे डबे हुंगून जातात. आज म्हणाल्या, "आमटी बरी जमली की गं." मी आनंदाने नाचले असते, पण नाचावंसं वाटेना.

११ मार्च

नाथाजीकाका आबांकडे गेले होते म्हणे. पुढे काय झालं कुणालाच माहीत नाही. पोस्टातसुद्धा नाही.

भूपाल म्हणतो, आपण जाऊन पाय धरू. मी म्हटलं, पाय धरून उपयोग नाही, आबा पाय मागे घेत नाहीत, फक्त बोलत नाहीत. पाया पडून उठलं की समोर तोच गप्प माणूस.

दिवसा मी बरी असते. राहीबाई भूपालला रोज विचारते, "सातारा कशी हाय?" मी सांगलीत राहायला आले तरी तिच्या लेखी मी साताराच. काल तिची सुट्टी होती, परवाही होती. ही बाई कधी सुट्टी घेत नाही. तब्येत बरी नसेल.

१६ मार्च

घाईत लिहितेय, अक्षर कसंही येवो.

आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून भूपालची संध्याकाळची पाळी असली की मी आधी जेवते आणि उन्हं असतानाच त्याचा डबा एक्स्चेंजवर नेते. मी रजेवर असले तरी ऑपरेटरच, आत बसू देतात. आज तो तीन घास खाऊन होत नाही तोच बोर्डावर दिवा लागला.

"सांगली," तो म्हणाला. आणि ताठ झाला.

शेजारचा हेडफोन मी कानाला लावला. राहीबाईच. पण एवढ्या सरकारी आवाजात ती कधी बोलत नाही. "सांगली, पीपी कॉल हाय. अर्जंट. नाव लिहून घ्या."

पीपी कॉल म्हणजे ठरावीक माणसाला लावलेला. ज्याच्याशी बोलायचं त्याचं पूर्ण नाव आधी सांगावं लागतं. भूपालने पेन्सिल घेतली, लिहिलं, आणि चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.

सौ. शालन भूपाल मगदूम.

कॉल लावणारे, सुभेदार हिंदुराव जगदाळे.

मी ते नाव बघतच राहिले. आबांनी गावच्या पोस्टात उभं राहून, पोस्टमास्तरापुढे, ओसरीवरच्या रिकामटेकड्यांच्या देखत, हे नाव उच्चारलं होतं. सौ.सकट. मगदूमसकट. माझ्याशी एक अक्षर बोलायच्या आधी.

"शालन?" आबा असे ओरडले की मी जणू नदीपलीकडे उभी आहे.

"आबा."

मग काहीच नाही. मी एवढ्या लोकांचे कॉल जोडले, पण अर्जंट कॉलमध्ये माणूस गप्प बसतो तेव्हा मनात काय चालतं ते मला आज कळलं.

"जेवलीस का?"

"व्हय आबा."

"आत्ता? आजून दिवस हाय."

"हितं दिवस असतानाच जेवत्यात."

 "पलटणीत बी लवकरच वाढायचे. शिस्तीचं घर हाय म्हण की."

मी हो म्हणाले.

"नाथाजी आला हुता. म्या मान खाली घातली. तर मला म्हनला, हिंदू, तुला पाठीवर घेतला तवा मी काय तुझी पोरगी मागितली हुती? तुझं तूच वझं करून घेतलंस." आबांनी घसा खाकरला. "लय शिव्या दिल्या त्यानं. बरं वाटलं."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. भूपालने डब्याचं झाकण उगाचच लावलं, उघडलं.

"आता ऐक. तारेवर आनखी कोन कोन हाय?"

 मग लांबून, साताऱ्याच्या बाजूने, कट् असा आवाज आला. आणि एक खोकला.

"हाय सुभेदार. मी कऱ्हाड."

"गूळ कसा निघाला बाई?"

"लय ग्वाड. दोनी खेपंला तुमी दिल्याला."

कसला गूळ, कसल्या खेपा, मला काही कळलं नाही. आणि आबा सुभेदार आहेत हे तिला कुणी सांगितलं? मीच कधीतरी लाईनवर म्हटलं असेल.

"बरं. मग समद्यांनी ऐका," आबा म्हणाले. आता ते ओरडत नव्हते. "म्या जलमभर तारा टाकल्या, पन तारेवर घरचं कवा बोललो न्हाई. आज बोलतोय ते तुमी ऐकावं म्हनूनच बोलतोय. शालन माझी लेक हाय. तिनं लगीन केलंय. पाडव्याला ती जावायाला घिऊन म्हायारी येनार हाय. ज्याला ज्याला सांगायचं त्याला सांगा. सर्जाला सांगून झालंय, म्हंजे आकारामला बी कळलंय."

"सांगतो सुभेदार," राहीबाई म्हणाली. खडीसाखर गिळल्यासारखा आवाज आला.

"आन् त्या पोराला म्हनावं, वांगं म्या सोता करीन. कांदा न घालता कसं करत्यात तेवढं इचारून ठिव."

भूपाल उभाच राहिला. बोर्डासमोर, हेडफोन कानाला, उभा. "व्हय मामा," एवढंच म्हणाला, आणि खाली बसायचं विसरला.

घड्याळात तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. अशा वेळी मध्ये येऊन "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" असं विचारणं हे कऱ्हाडचं काम. कऱ्हाड विचारेना. शेवटी आबांनीच विचारलं. शिस्तीचा माणूस.

"बाई, टाईम झाला का वं?"

"न्हाई सुभेदार. बोला तुमी. लाईन मोकळी हाय. मी जरा च्या पिऊन येते."

मग आबा आणि मी बोललो. काय काय बोललो ते इथे लिहीत बसत नाही. कुणाला हवंच असेल तर त्याने कऱ्हाडला विचारावं.